मुक्तस्रोत परिचालन प्रणाली व जुने संगणक : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

संगणकाचा संस्करक, स्मृती, तबकडी व जोड उपकरणे यांचे नियमन करणाऱ्या आणि वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम त्यांच्यावर चालवून देणाऱ्या मूलभूत प्रोग्रॅमसंचास परिचालन प्रणाली म्हणतात. जिची मूळ संकेतावली कोणासही पाहता, बदलता व पुन्हा वाटता येते, अशा परवान्याखाली प्रसिद्ध झालेली प्रणाली ही मुक्तस्रोत परिचालन प्रणाली होय. लिनक्स, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, फ्रीडॉस ही तिची परिचित उदाहरणे आहेत. मूळ उत्पादकाने ज्यांचा आधार काढून घेतला आहे, अशा वैयक्तिक संगणकांवर व सर्व्हरांवर या प्रणाली चालविण्याचा प्रघात १९९० नंतर जगभर रूढ झाला. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात केला आहे. तेथे हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही. लेथ किंवा मिलिंग यंत्र नीट राखले, तर तीस-चाळीस वर्षे काम देते. त्याच्या शेजारी ठेवलेल्या संगणकाची परिचालन प्रणाली मात्र दहा-बारा वर्षांत निराधार होते. यंत्र भंगारात केव्हा जावे हे त्याच्या झिजेवरून ठरावे की दूरच्या एखाद्या कंपनीच्या वेळापत्रकावरून, हा येथला खरा प्रश्न आहे.

औद्योगिक पार्श्वभूमी : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यावर या भागात वसाहतींची आखणी झाली. आकुर्डीस बजाज ऑटो व पिंपरीस टेल्को (१९६६) यांचे कारखाने उभे राहिले. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये अस्तित्वात आली व १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. चाकणचा विस्तार त्या मानाने अलीकडचा असून बजाज ऑटो (१९९९), फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ (दोन्ही २००९) आणि महिंद्र (२०१०) यांच्या कारखान्यांमुळे तो झपाट्याने झाला. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लघुउद्योग भोसरी, चिंचवड, तळवडे, म्हाळुंगे, निघोजे या गावांच्या परिसरात पसरले आहेत. पाच-दहा यंत्रे, एक कचेरी व तीत दोन-तीन संगणक, असे यांतील अनेकांचे स्वरूप असते. जुन्या संगणकाचा प्रश्न मुख्यतः या लघुउद्योगांचा आहे. मोठे कारखाने यंत्रसामग्री भाडेकराराने घेतात व मुदत संपताच बदलतात.

प्रणालींचा उगम : मुक्तस्रोत प्रणालींचे मूळ बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या यूनिक्समध्ये आहे. भारतात यूनिक्सचा परिचय व्यापक झाला तो बँकांमुळे. सी. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या यांत्रिकीकरणात यूनिक्सला पसंती मिळाली आणि देशी संगणक-उत्पादकांनी त्या प्रणालीचे काम जाणणारी माणसे मोठ्या संख्येने तयार केली. लिनक्स येथे आली तेव्हा तिच्या आज्ञा ओळखणारा वर्ग अगोदरच हजर होता, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना सिद्ध केला. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली. ती लिहिली गेली होती इंटेल ८०३८६ संस्करकाच्या सामान्य वैयक्तिक संगणकासाठी. लिनक्सची १.० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये निघाली. बर्कली विद्यापीठाच्या यूनिक्सपासून निघालेल्या नेटबीएसडी व फ्रीबीएसडी या प्रणाली १९९३ मधल्या आहेत. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये फ्रीडॉसचा प्रारंभ केला; तिची १.० ही आवृत्ती यावयास २००६ साल उजाडले.

पुणे परिसरातील प्रसार : सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली, परंतु त्या काळच्या मोडेमवरून ६५० मेगाबाइटांची एक सीडी उतरवून घेण्यास चाळीसहून अधिक तास लागले असते. त्यामुळे लिनक्सचा प्रसार तारेवरून न होता हातोहात झाला. ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी मासिकासोबत १९९० नंतरच्या दशकात लिनक्सच्या सीडी मिळत व त्यांच्या प्रती निघत. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट स्थापन झाला. सिंबायोसिसच्या संगणकशास्त्र संस्थेत दरवर्षी भरू लागलेल्या ‘ग्नूनिफाय’ या मेळाव्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी व व्यावसायिक एकत्र येऊ लागले. उबुंटू ही लिनक्सची वितरणावृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये निघाली. तिच्या सीडी २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने विनामूल्य पाठविल्या जात. बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात जुनी स्मृतिपट्टी व तबकडी विकत घ्यावयाची आणि टपालाने आलेल्या सीडीवरून प्रणाली बसवावयाची, हा त्या काळच्या होतकरू तंत्रज्ञाचा नित्याचा पाठ होता.

लघुउद्योगातील पहिला उपयोग : जुन्या संगणकास या प्रणालींनी पहिले काम दिले ते सर्व्हरचे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये आरंभिलेल्या सांबा या प्रोग्रॅममुळे लिनक्सवरील फाइली विंडोज संगणकांना आपल्याच जाळ्यातील असल्यासारख्या दिसतात. कचेरीतील कामास मंद वाटू लागलेला पेंटियम संगणक कोपऱ्यात ठेवून त्यावर रेखाचित्रे व देयके साठविणे, तसेच एकच इंटरनेट जोडणी सर्वांना वाटून देणे, ही कामे त्यास सहज झेपत. पडदा व कळफलक काढून घेतला, तरी काही बिघडत नसे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाने याच्या उलट वाट दाखविली : एक बऱ्यापैकी सर्व्हर घ्यावयाचा आणि जुने संगणक केवळ त्याची दारे म्हणून वापरावयाचे, म्हणजे त्यांना स्वतःची तबकडीही लागत नाही.

या पट्ट्यात या सर्व्हरांची कसोटी लागली ती विजेमुळे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते. पूर्वीच्या ‘एक्स्ट २’ या फाइलपद्धतीत वीज अकस्मात गेली, की पुढच्या वेळी संपूर्ण तबकडी तपासली जाई. तबकडी मोठी असल्यास अर्धा-पाऊण तास सहज मोडे आणि कधी फाइली हरवत. होऊ घातलेल्या बदलांची नोंद आधी रोजनाम्यात करून मग ते बदल अमलात आणणारी ‘एक्स्ट ३’ ही पद्धत नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या २.४.१५ या गाभ्यात समाविष्ट झाली, तेव्हा ही अडचण बरीच दूर झाली. वसाहतीतील साप्ताहिक सुटी वीजपुरवठ्याच्या वाटणीमुळे गुरुवारी असते; सर्व्हर उघडणे, धूळ काढणे, प्रणाली बदलणे ही कामे त्यामुळे बहुधा गुरुवारी निघतात.

यंत्रशाळेतील संगणक : यंत्राजवळच्या संगणकाचे काम कचेरीतील संगणकाहून वेगळे असते. अंकीय नियंत्रणाच्या जुन्या यंत्रांची अंगची स्मृती अगदी तोकडी, कित्येकदा काही किलोबाइटांची असे. साच्याच्या वक्र पृष्ठभागासाठी लिहिलेला लांबलचक प्रोग्रॅम तीत मावत नाही. म्हणून शेजारच्या संगणकातून तो क्रमिक जोडणीच्या तारेवरून थोडाथोडा पुरवावा लागतो. यासाठीचे प्रोग्रॅम बहुधा डॉसखाली चालत. अशा ठिकाणी संगणक बदलला तर जोडणी जाते, जोडणी गेली तर यंत्र थांबते आणि नवे यंत्र घेणे मालकाच्या आवाक्याबाहेरचे असते. फ्रीडॉस येथे कामास येते. परवान्याचा प्रश्न न उद्‌भवता ती जुन्या संगणकावर बसते आणि डॉससाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम तसेच चालवते. लिनक्समध्येही क्रमिक जोडणीचा आधार पहिल्यापासून अबाधित आहे. प्रवाहनियंत्रण व वेग यांचे मेळ नीट जुळविले, म्हणजे तिच्यावरून प्रोग्रॅम पाठविता येतात आणि जाळ्यातून थेट कचेरीतील सर्व्हरवरून ते यंत्रापर्यंत आणता येतात.

याहून पुढची पायरी म्हणजे संगणकानेच यंत्र चालविणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत १९९० नंतरच्या दशकात विकसित झालेला यंत्रनियंत्रक पुढे सार्वजनिक झाला व २०११ पासून तो लिनक्ससीएनसी या नावाने ओळखला जातो. ज्याचा मूळ नियंत्रक जळाला आहे, पण ज्याचे ओतीव अंग, मार्गिका व स्क्रू सुस्थितीत आहेत, असे यंत्र त्याच्या साहाय्याने पुन्हा उभे करता येते. याच्या साध्या रचनेत संगणकाच्या पॅरलल पोर्टमधून मोटरीच्या चालकमंडलास स्पंद दिले जातात. हे स्पंद सेकंदाच्या काही लक्षांश भागांच्या अंतराने व न चुकता जावे लागतात. एखादा उशिरा गेला, तर मोटर पाऊल चुकते व कापलेला भाग बाद होतो. सामान्य परिचालन प्रणाली अशी हमी देऊ शकत नाही, म्हणून गाभ्यात वास्तव-काल दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती वर्षानुवर्षे मुख्य प्रवाहाबाहेर राहिली; तिचा अखेरचा मोठा भाग लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तीत (नोव्हेंबर २०२४) आला.

येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. या कामास नवा लॅपटॉप बहुधा निरुपयोगी ठरतो. वीज वाचविण्यासाठी त्याचा संस्करक आपला वेग सतत बदलत असतो आणि त्याचे अंतःस्थ मूलप्रोग्रॅम परिचालन प्रणालीस न विचारता मध्येच संस्करकाचा ताबा घेतात. त्यात पॅरलल पोर्टही नसतो. कचेरीने टाकून दिलेला साधा डेस्कटॉप संगणक पुष्कळदा यापेक्षा अधिक नियमितपणे स्पंद देतो. अर्थात प्रत्येक संगणकाची विलंब-चाचणी घेतल्याखेरीज तो यंत्रास जोडू नये. एकाच कारखानदाराच्या दोन जुन्या पट्टांमध्येही मोठा फरक निघतो. तसेच आपत्कालीन थांबा संगणकावर कधीही अवलंबून ठेवू नये, त्याचे वायरिंग स्वतंत्र असावे. पैसे वाचविण्याच्या भरात हा नियम मोडला जातो आणि त्याची किंमत कामगाराच्या बोटांनी मोजावी लागते.

आधार संपणे व त्याचे परिणाम : विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचकती व ठराविक पिढीपुढचा संस्करक आवश्यक केल्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक एका निर्णयाने जुने ठरले.

निराधार प्रणालीचा धोका मे २०१७ मध्ये उघड झाला. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने फाइल-वाटपाच्या जुन्या संकेतातील एका छिद्रातून जगभर शिरकाव केला. चेन्नईजवळील रेनॉ-निस्सान मोटारकारखान्यासही त्याची झळ पोहोचली. या छिद्राची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण एक्सपीसाठी ती हल्ल्यानंतर अपवाद म्हणून दिली गेली. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, नॉटपेट्याच्या हल्ल्याने जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. चाकणच्या निर्यातदारांचे कंटेनर याच बंदरातून जातात.

या घटनांवरून लिनक्स असली म्हणजे भय नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. त्याच मे महिन्यात सांबामध्येही एक गंभीर छिद्र सापडले आणि ते २०१० पासूनच्या सर्व आवृत्त्यांमध्ये होते. कोपऱ्यात ठेवलेल्या, सहा वर्षे कोणी हात न लावलेल्या लिनक्स सर्व्हरची स्थिती एक्सपीहून चांगली नव्हती. फरक एवढाच, की त्याची दुरुस्ती जुन्या संगणकासही विनामूल्य मिळत होती. ती बसविणारा माणूस मात्र कारखान्यात असावा लागतो.

मराठीची सोय : जुन्या संगणकावर मराठी लिहिणे ही एके काळी मोठी अडचण होती. विंडोज ९८ मध्ये युनिकोड देवनागरीची नीट सोय नव्हती. त्यामुळे प्रत्येक कचेरीत वेगवेगळ्या कंपन्यांचे खासगी सांकेतिक फाँट वापरले जात व एकाचे पत्र दुसऱ्यास वाचता येत नसे. लिनक्सच्या मराठीकरणाचे काम मुंबईत प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिक्ट्रान्स गटाने व इतर स्वयंसेवकांनी केले. पुण्यात मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले लोहित हे फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले आणि त्यांतील लोहित देवनागरी अनेक वितरणावृत्त्यांबरोबर आपोआप येऊ लागला. इनस्क्रिप्ट कळफलकाची सोयही त्यांत असते.

शासकीय पातळीवरील सर्वांत मोठे उदाहरण न्यायालयांचे आहे. ई-न्यायालय प्रकल्पात देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू स्वीकारण्यात आली व खटल्यांच्या नोंदीची मुक्तस्रोत माहितीप्रणाली राष्ट्रीय सूचना केंद्राच्या पुणे येथील पथकाने विकसित केली. पिंपरी व खेड (राजगुरुनगर) येथील न्यायालये याच व्यवस्थेत येतात. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत प्रणालींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, त्याआधीच न्यायालयांतील लिपिक या प्रणालीवर काम करीत होते.

अडचणी व मर्यादा : उद्योगांत मात्र कचेरीतील मेजावर लिनक्स फारशी रुजली नाही, हे मान्य केले पाहिजे. हिशेबासाठीचे टॅली आणि रेखाटनासाठीचे ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स यांसारखे प्रोग्रॅम मुख्यतः विंडोजसाठी असतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हिशेबनिसाचे टॅलीवाचून पान हलेनासे झाले. दुसरे कारण शिक्षणाचे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने २००१ नंतर राज्यात खेडोपाडी संगणकसाक्षरता नेली, हे मोठे कार्य होते. पण त्यातून बाहेर पडलेल्यांच्या हाताला विंडोज व ऑफिस यांचीच सवय लागली.

यंत्रसामग्रीच्या मर्यादाही वाढत चालल्या आहेत. लिनक्सच्या गाभ्याने ८०३८६ चा, म्हणजे आपल्या जन्मस्थानाचाच, आधार ३.८ या आवृत्तीत (२०१३) सोडला. उबुंटूने ३२ बिटी डेस्कटॉप संगणकांसाठीच्या स्थापना-प्रती १७.१० पासून (२०१७) बंद केल्या, तर ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ मध्ये ३२ बिटी इंटेल संगणकांसाठी स्थापनेची सोय उरलेली नाही. नेटबीएसडीसारख्या प्रणाली अशा संगणकांना अजून सांभाळतात. यंत्रशाळेत ३२ बिटी संगणक ठेवावयाचाच झाला, तर आणखी एक दिनांक ध्यानात ठेवावा लागतो. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित अंकात मोजण्याची जुनी रीत १९ जानेवारी २०३८ रोजी तोकडी पडते. त्यासाठीची दुरुस्ती गाभ्यात झालेली आहे, परंतु जुन्या अनुप्रयोगांत ती असेलच असे नाही.

सर्व्हरांबाबत अडचण निराळी आहे. रेड हॅटच्या ८ व्या आवृत्तीत (२०१९) तबकडीसमूह चालविणाऱ्या अनेक जुन्या नियंत्रकपट्टांचे चालकप्रोग्रॅम वगळण्यात आले. प्रणाली बसविताना सर्व्हर चालू होतो, पण त्यास तबकडीच दिसत नाही. हे चालकप्रोग्रॅम स्वयंसेवकांच्या संग्रहातून मिळतात, कारण संकेतावली खुली आहे. लघुउद्योगांच्या आवडत्या सेंटओएसची ८ वी आवृत्ती घोषित मुदतीच्या कितीतरी आधी, डिसेंबर २०२१ मध्ये बंद करण्यात आली आणि ७ व्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. मुक्त परवाना असला, तरी वेळापत्रक दुसऱ्याच्याच हाती राहू शकते, याचा हा धडा होता. अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स या पर्यायी आवृत्त्या २०२१ मध्येच निघाल्या, हे परवान्यामुळे शक्य झाले. विजेचा हिशेबही दृष्टीआड करता येत नाही. उत्तरकालीन पेंटियम ४ चा एकटा संस्करकच सु. १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. दिवसरात्र चालणाऱ्या कामास असा संगणक लावल्यास वर्षभराच्या बिलात एखादा कमी विजेचा लहान संगणक विकत मिळू शकतो. पॅरलल पोर्टसारखे खास कारण नसेल, तर एवढा जुना संगणक राखण्यात अर्थ नाही.

निकामी संगणक : हिंजवडी व तळवडे येथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतून मुदतीनंतर निघणारे संगणक दुरुस्त करून विकण्याचा व्यवसाय या परिसरात वाढला. भंगाराच्या व्यापाराचे मोठे केंद्र चिखलीजवळील कुदळवाडी हे होते. तेथील अनधिकृत गोदामे महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. भारतातील ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ चे असून ते १ मे २०१२ पासून अमलात आले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी वस्तूंचे नूतनीकरण करणाऱ्यास पुनश्चक्रण करणाऱ्याहून वेगळा वर्ग मानून त्याची नोंदणी आवश्यक केली. अशा व्यावसायिकाच्या कामात संगणकातील तबकडी पूर्णपणे पुसणे, फुगलेले धारित्र व मृत घड्याळ-विद्युत्‌घट बदलणे, फिरत्या तबकडीऐवजी घनावस्था तबकडी बसविणे आणि शेवटी प्रणाली घालणे, असा क्रम असतो. दहा वर्षांपूर्वीच्या ६४ बिटी संगणकात ८ गीगाबाइट स्मृती व घनावस्था तबकडी घातली आणि एक्सएफसीईसारखे हलके मेजपृष्ठ ठेवले, तर कचेरीचे पत्रव्यवहार, जालावरील देयके व मालाच्या नोंदी या कामांना तो पुरतो. मोटारकारखान्यांकडे माल पाठविताना लागणाऱ्या पट्टीसंकेताच्या चिठ्ठ्या छापण्याचे काम मात्र मुद्रकाच्या चालकप्रोग्रॅमवर अवलंबून राहते. म्हणून संगणक घेण्यापूर्वी तो मुद्रक जोडून पाहण्याची रीत जाणते दुकानदार पाळतात.